क्रीमच्या सुरीने रंगवलेला दादा

आमच्या आत्याने काढलेलं आपलं चित्र पहिल्यांदा बघून कुणी खूश झालंय, असं आजवर एकदाही घडलेलं नाही. इस्त्रीवाल्याने आपलं तोंड बघितलं आणि म्हणाला, "बाई, हा मी? हा तर निखाऱ्यात विसरलेला बटाटा आहे." समोरच्या जिन्यातली शिवणकामवाली त्याच्याही पुढची. ती नुसती चपला घालून निघून गेली आणि मग कितीतरी दिवस आत्या दिसली की खिडकीचा पडदा ओढायची. एक दिवस आपणहून आली, चित्र काखेत मारून घेऊन गेली, शिलाई मशीनच्या वरच्या भिंतीवर टांगलं. तिची मुलगी म्हणाली, "आई, हे भूत काढ ना गं." तर बाई पोरीच्या अंगावर धावून गेली, "हात लावून बघ, हात मोडून ठेवीन!"

आत्याची चित्रं अशीच. आधी डोळ्यांना खुपतात, मग घरात जागा अडवून बसतात, आणि मग ती नसली तर घर ओकंबोकं वाटतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. पोटापाण्यासाठी ती केकवर क्रीम लावते. एका बेकरीच्या मागच्या बाजूला खिडकी नसलेली गार खोली आहे. तिथे स्टीलचं टेबल, टेबलावर फिरती थाळी, थाळीवर केक, आणि केकसमोर आमची आत्या. बुटकी, रुंद, दंड असे भरदार की समोरचं क्रीम घाबरूनच सरळ व्हावं. हातात लांब पातळ सुरी, मुठीपाशी वाकवलेली. एका बोटाने थाळी फिरवायची आणि सुरी नुसती टेकवून धरायची. बघता बघता केक आरशासारखा गुळगुळीत होतो. मग कागदाच्या कोनातून फुलं, पानं, वेलबुट्टी, आणि शेवटी ज्याचा वाढदिवस त्याचं नाव. "माझं लिखाण जेवढ्या लोकांच्या पोटात गेलंय," ती म्हणते, "तेवढं कुणा लेखकाचं गेलं असेल तर दाखवा."

चेहऱ्यांचा नाद तिला लागला तोही केकमुळेच. कुणाच्या तरी आजोबांच्या वाढदिवसाला केकवर आजोबांचा फोटो हवा होता. फोटो छापायचं मशीन ऐन वेळी रुसलं. मालक डोकं धरून बसला. आत्या म्हणाली, "द्या इकडे तो फोटो." चॉकलेटचं क्रीम, कॉफीचं क्रीम, पांढरं क्रीम. सुरीचे सपासप फटकारे मारले, कोनाने दोन भुवया ओढल्या, दातेरी पट्टीने कपाळावर आठ्या पाडल्या. आजोबा असे उमटले की आता खाकरतील.

घरचे केक घेऊन गेले, आणि थोड्या वेळाने बेकरीत फोन. "अहो, हा कापायचा कसा? नाकाला सुरी लावायला कुणी तयार नाही." आजोबांनी स्वतःच जाहीर केलं होतं म्हणे, की मी जिता आहे तोवर माझा कान कुणी खायचा नाही. त्या भानगडीत केक टेबलावरच राहिला आणि आजोबा बशीत वितळून गेले.

सगळे हसले. आत्याही हसली, पण तिला ते लागलं. घरी येऊन काकांना म्हणाली, "अहो, न वितळणारं क्रीम कुठे मिळतं का हो?"

काका म्हणजे तिचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करणारा, बोलायला महाकंजूष. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "तैलरंग."

मग ती सुट्टीच्या दिवशी एका ड्रॉइंग मास्तरांकडे जायला लागली. मास्तरांनी तिला ब्रश दिला. ब्रश तिने केरसुणीसारखा धरला. मास्तर म्हणाले, पेनसारखा धरा. तसा धरला तर हात आखडला. तिने काढलेले चेहरे धुऊन वाळत घातल्यासारखे दिसायला लागले. मास्तरांनी थोडे दिवस हे बघितलं, मग एके दिवशी तिच्या हातातून ब्रश काढून घेतला. आत्याला वाटलं, झालं, हाकललं आपल्याला. तर ते म्हणाले, "पुढच्या वेळी ती तुमची केकची सुरी घेऊन या." त्या माणसाचे उपकार ती अजून सांगते. दुसरा कुणी असता तर तिला सरळ करत बसला असता. यांनी तिचं वाकडंच धार लावून हातात दिलं.

मास्तरांनी दोन गोष्टी मात्र घोटून घेतल्या. एक म्हणजे तेलाचा हिशोब. खाली पातळ रंग, टर्पेंटाइनमध्ये कालवलेला; वर वर जाऊ तसं तेल जास्त, रंग जाड. उलटं केलं की चित्र दगा देतं. आत्याने अर्थातच एकदा उलटं केलं. पोस्टमनच्या नाकाला एवढा रंग थापला आणि त्यात जवसाचं तेल एवढं ओतलं, की चित्र उभं करून ठेवल्यावर नाक सावकाश निघालं आणि हनुवटीवर येऊन थांबलं. पोस्टमन म्हणाला, "बाई, पत्ता चुकला."

दुसरी गोष्ट वर्तमानपत्राची. चित्रावर रंग फार झाला, सगळा चिखल झाला, की ओल्या चित्रावर वर्तमानपत्राचा कागद ठेवायचा, तळव्याने दाबायचा आणि एका दमात सोलून काढायचा. जास्तीचा रंग कागदाबरोबर जातो. खाली चेहऱ्याची नुसती पुसट सावली उरते, आणि पुष्कळदा तीच खरी निघते. आत्याला हे फार आवडलं. केकवर हात फिरला तो फिरला, तिथे मागे जाता येत नाही. इथे मागे जाता येतं.

तिचं रंगकाम चालतं ते घरामागच्या बंद गॅलरीत. कपडे धुण्याच्या मशीनवर चित्राची फळी उभी करायची, मागे विटेचा टेकू. भिंतीला सुऱ्या, काच पुसायचा रबरी वायपर, जुने बनियन फाडून केलेली फडकी, केकची दातेरी पट्टी. ट्यूबमधला रंग ती कागदाच्या कोनात भरते आणि फळीवर पिळते. कुणाची भुवई म्हणून, कुणाचे दात म्हणून. वायपरने अख्खा गाल एका झटक्यात ओढते. गाल कधी हिरवा असतो, कधी जांभळा. कुणी विचारलं की म्हणते, "तुझा गाल हिरवा नाहीये, पण तू हसलास तेव्हा मला हिरवा वाटला."

समोर मात्र कुणाला पुतळ्यासारखं बसवत नाही. ज्याचं चित्र त्याने आपलं काम करायचं. इस्त्रीवाल्याला इस्त्री करायला लावली, शिवणकामवालीला काजं करायला लावली. "नुसतं बसवलं की माणूस फोटोतलं तोंड करतो," ती म्हणते. "कामात असला की तोंड सैल पडतं. मग मी पकडते."

अशा आमच्या आत्यापुढे एक तोंड असं आलं, की जे तिला काही केल्या पकडू देत नव्हतं. ते माझ्या वडिलांचं.

बाबांचं केस कापायचं दुकान आहे. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघण्यात गेलं. एका सकाळी उठून चहा प्यायला बसले तर चहा ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून सरळ सदऱ्यावर. आई म्हणाली, "अहो, लक्ष कुठंय?" बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि आईच्या हातातली बशी पडली. डावी बाजू अख्खी खाली उतरली होती. डोळा मिटत नव्हता, तोंड उजवीकडे ओढलं गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजली आहे, घाबरू नका. औषध दिलं, डोळ्यात घालायला थेंब दिले, आरशासमोर बसून गाल चोळायला सांगितलं. बरंच सुधारलं. पण सगळं नाही. ओठाचा कोपरा आणि पापणी जिथे थांबली तिथेच राहिली.

बाबांनी गाल चोळता चोळता तो चेहरा आरशात पाठ करून टाकला. आणि एक दिवस घरातला आरसा काढला, कपाटामागे सरकवला, आणि दुकानात जायचं सोडलं ते सोडलंच. दुकान त्यांचा जोडीदार एकटा सांभाळायला लागला. जुनी गिऱ्हाइकं त्याच्याकडे विचारायची, तो घरी येऊन सांगायचा. बाबा मफलर तोंडावर ओढून ऐकायचे.

"ज्याचं स्वतःचं तोंड धड नाही," ते म्हणायचे, "तो दुसऱ्याचं काय नीट करणार? लोक आरशात स्वतःला बघणार, की मागे उभं असलेलं हे सोंग?"

सकाळी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं, मग खिडकीपाशी खुर्ची, मग पुन्हा शब्दकोडं. कुणी आलं की आतल्या खोलीत. हात मात्र रिकामे राहत नव्हते. बसल्या बसल्या दोन बोटं हवेत कात्री चालवत असायची. आई ते बघायची आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची. दुकान गेलं असतं तर चाललं असतं तिला. पण दुकानाबरोबर माणूस चालला होता.

शेवटी तिने नणंदेला निरोप धाडला. "वन्सं, तुमच्या भावाला तेवढं बाहेर काढा. माझं ऐकणं त्यांनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच बंद केलंय."

आत्या आली ती मोठी पिशवी घेऊन. पिशवीत बेकरीतल्या सगळ्या बोथट सुऱ्या. त्या बाबांच्या मांडीवर ओतल्या. "दादा, पाव कापायला गेलं की पाव चेंगरतो. धार लावून दे."

हत्यार बोथट दिसलं की बाबांना राहवत नाही. त्यांनी पाणी मागवलं, दगड मागवला, खिडकीपाशी बसले. धार लावायची म्हणजे मान खाली घालून जमत नाही, पातं उजेडात धरून बघावं लागतं. मफलर ओला व्हायला लागला, तो त्यांनी काढून ठेवला. थोड्या वेळाने त्यांच्या नाकात टर्पेंटाइन शिरलं. वर बघतात तर आत्याने स्टुलावर फळी उभी केलेली, आणि हातात सुरी.

"काय चाललंय?"

"तुझं तू कर."

"मुकाट्याने उचल ते."

"नाही उचलत."

"माकडाचं चित्र काढायचं असेल तर दुसरीकडे जा. मी काय तमाशा आहे?"

आत्याने सुरी खाली ठेवली. "हे बघ दादा. मी जन्मले तेव्हापासून तुझं तोंड बघत आलेय. मला मारलंस तेव्हा बघितलंय, माझ्या लग्नात रडलास तेव्हा बघितलंय. आणि आता एवढे दिवस झाले, मी आले की तू आत जातोस. लोकांचं राहू दे. माझ्यावर कशाला बंदी? मला बघायचंय तुला."

बाबांचं पातं दगडावर फिरत राहिलं. मग म्हणाले, "कुणाला दाखवायचं नाही."

"तू म्हणशील त्यालाच."

"आणि हिरवं करायचं नाही."

"ते मी नाही सांगत."

आत्याने काम सुरू केलं. आधी तपकिरी रंगाचं पाणी फळीभर, मग फडक्याने पुसून उजेडाच्या जागा काढल्या. कपाळ, गालफड, नाकाची धार. मग सुरी. तिचा हात चालतो तेव्हा बघण्यासारखा असतो. रंग लावते असं वाटतच नाही. वाटतं, फळीच्या आत कुणीतरी बसलंय आणि ही त्याला वरची माती बाजूला करून बाहेर काढतेय. कधी सुरी सपाट फिरते, कधी टोकाने ओरखडा ओढते. कोनातून मिशी पिळली, भरघोस, जशीच्या तशी. बाबांची मिशी म्हणजे गल्लीत नावाजलेली, पट्टीने आखल्यासारखी.

मग ती तोंडाशी आली आणि थांबली. पुन्हा चालली. आणि एकदम खरर खरर आवाज यायला लागला.

"काय खरवडतेस?" बाबांनी विचारलं.

"तोंड सरळ काढलं गेलं."

"मग?"

"खोटं बोलले ना मी. ते काढते."

बाबांचा हात दगडावर थांबला. नंतर त्यांनी मान वळवणं सोडलं. डावी बाजू उजेडात आली तर येऊ दिली.

आत्याने ओठाचा तो कोपरा अनेकदा लावला, अनेकदा काढला. लावता लावता रंग एवढा साठला की सगळाच चिखल. मिशी गालात शिरली, गाल डोळ्यात. तिने इकडे तिकडे बघितलं, खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं, फळीवर घातलं, दोन्ही तळव्यांनी दाबलं.

"अगं! त्यात माझं कोडं राहिलंय!"

"आडवे शब्द तू नंतर सोडव," आत्या म्हणाली आणि एका दमात कागद सोलून काढला.

फळीवर जे उरलं ते बघून ती स्वतःच मागे सरकली. मग अगदी थोडा, अगदी नेमका रंग तिने वर ठेवला. पापणीखाली एक ओली पांढरी रेघ. ओठाच्या कोपऱ्यात जांभळा. उजव्या गालावर थोडा हिरवा, वचन दिलेलं नसल्यामुळे. आणि फळी भिंतीकडे तोंड करून ठेवून, धार लावलेल्या सुऱ्या घेऊन निघून गेली. तो रंगलेला कागद आईने नेऊन खुर्चीच्या पाठीवर वाळत घातला, जमिनीला डाग नकोत म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात बाबांचा आवाज चढला. कितीतरी दिवसांनी चढला होता, त्यामुळे आई धावत गेली. बाबा कालचं कोडं शोधत होते. एका हातात तो कागद, समोर फळी, तीही त्यांनीच वळवलेली. "हे बघ! हे बघ काय करून ठेवलंय! रद्दीवर बरोबर उमटलंय आणि फळीवर उलटं काढलंय! माझी कुठली बाजू गेली तेवढंही हिला कळलं नाही? बघायचंय म्हणाली! हे बघणं?"

आईला काही कळेना. तिने फळीकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. "बरोबर तर आहे."

"काय बरोबर आहे? वाकडं इकडे असतं माझं, इकडे!" आणि त्यांनी कागदावर बोट आपटलं. कागदावर कोड्याच्या चौकोनांतून त्यांचं कपाळ उमटलं होतं, मिशी हवामानाच्या अंदाजावरून गेली होती, आणि तोंड ओघळलं होतं ते बघणाऱ्याच्या डाव्या हाताला.

आत्या संध्याकाळी कामावरून आली, बाहीला क्रीम तसंच. बाबांनी तिला चपला काढायची उसंत दिली नाही. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "दादा, माझ्यासमोर उभा राहा. असा. आता तुझा डावा गाल माझ्या कुठल्या हाताला आहे?"

बाबा उभे राहिले. बघत राहिले.

"उजव्या," ते सावकाश म्हणाले.

"मग? आम्हाला तू असाच दिसतोस. कागद फळीवर दाबला म्हणून उलटा झालाय. तो तुझ्या आरशातला तू. तो तुझ्याशिवाय आम्ही कुणी बघितलेलाच नाही."

आईही पुढे झाली. "मला तर पहिल्यापासून तुमचा भांग या हाताला दिसतो. मी कुठे तक्रार केली?"

बाबा खुर्चीत बसले. मग त्यांना हसू यायला लागलं, अर्ध्या तोंडाने, खांदे हलवत. "अगं, दिवसभर गिऱ्हाइकाच्या मागे उभा राहून आरशात बघतो मी. डावं उजवं सांगताना गिऱ्हाइकं चुकतात, मी चुकत नाही. डोळे झाकून कळतं. आणि स्वतःचं कधी डोक्यातच आलं नाही!"

आत्याही हसली. मग बाबांनी तो कागद बाजूला ठेवला आणि फळी मांडीवर घेतली. आता बराच वेळ ते नुसते बघत होते. फळीवरचा माणूस त्यांच्या ओळखीचा नव्हता. ज्याला त्यांनी आरशात पाठ केलं होतं, ज्याच्यावर ते चिडत होते, तो हा नव्हता. हा दुसराच कुणीतरी होता, खिडकीपाशी बसलेला, पाती उजेडात धरून बघणारा, तोंड जरा उतरलेलं. बाबांनी फळी थोडी लांब धरली, मान तिरकी केली, एक डोळा बारीक केला. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की ते नेहमी करायचे तसं.

"याला मिशी कुणी ठेवायला सांगितली?" ते म्हणाले.

आई तोंड उघडणार होती. आत्याने तिचा हात दाबला.

"सरळ मिशीखाली तिरकं तोंड. म्हणजे पट्टी ठेवून दाखवलं, की बघा इथून वाकडं आहे. ही आधी गेली पाहिजे." बोट ओल्या रंगाला न लावता त्यांनी हवेतच फिरवलं. "या बाजूचा कल्ला खाली आणायचा, जरासाच. दुसरा वर. दोन्ही सारखे ठेवलेस तर डोळा मोजत बसतो. आणि भांग इकडून. केस तिकडे गेले की बघणारा तिकडे जातो. डोळ्याचं काही करायचं नाही. डोळा चांगला आहे. डोळ्यात माणूस आहे."

"कात्री आणू?" आत्याने अगदी हळू विचारलं.

"वस्तरा आण," बाबा म्हणाले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, आपण कुणाबद्दल बोलतोय. त्यांनी फळी भिंतीला टेकवून ठेवली. मग ते आईला म्हणाले, "कपाटामागे आरसा आहे. सांभाळून काढ, खालचा कोपरा फुटलाय."

सैल ओठावर वस्तरा चालत नाही, बोटाने ताणून धरावा लागतो. त्यांनी ताणून धरला. एकदा कापलं, थोडं रक्त आलं, तुरटी लावली आणि पुढे गेले. मिशी उतरली तसं आईने पदर तोंडाला लावला. रडते की हसते ते समजेना.

"अगं बाई, हे कोण? मी मिशी बघून हो म्हटलं होतं."

"मग आता माघारी पाठव."

"कुठे पाठवू? ठेवून घेईल असं कोण आहे?"

दोनच दिवसांनी बाबा दुकानात गेले. मफलर घरीच होता. आईने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. जाताना मी बरोबर होतो. जोडीदाराने बाबांना दारात बघितलं, हातातली फणी खाली ठेवली आणि पहिलं वाक्य म्हणाला, "मिशी कुठाय?"

मग जो येईल तो तेच. "अरे, मिशी?" "हे काय, मिशी गेली?" "घरात कुणी ओळखलं का?" एक म्हातारं गिऱ्हाईक तर दुःखी झालं, मिशी ठेवावी तर अशी, असा लोकांना बाबांचा दाखला द्यायचं ते. दिवसभर मिशीचीच चर्चा. ओठाकडे लोक बघत होते, नाही असं नाही. पण मिशीचं विचारून होईपर्यंत ते बघून झालेलं असायचं, आणि मग बाबांनी मानेभोवती कापड झटकून बांधलेलं असायचं, कात्री कानापाशी चालू झालेली असायची. कात्रीचा तो आवाज ऐकल्यावर कुणाला कशाचं काय. बोलताना त्यांचे काही शब्द घसरत होते. एकाने "काय म्हणालात?" असं विचारलं. बाबांनी पुन्हा सांगितलं, "मान खाली." त्याने मान खाली घातली.

मिशीवाली फळी आमच्याच घरी आहे. आई म्हणते, जुना तेवढा तोच राहिलाय. आत्याने ती मागितली नाही, कुणाला दाखवलीही नाही. बाबा अजून "दाखव" असं म्हणालेले नाहीत. ती म्हणते, "माझं ते सगळ्यात चांगलं चित्र आहे आणि ते चांगलं आहे हे मला ठाऊक आहे, बस झालं." मी पुष्कळ माणसं बघितली आहेत जी जरा बरं काही हातून झालं की गल्ली जागी करतात. आत्याने एका माणसाला त्याचं तोंड परत दिलं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन केकवर गुलाब काढत बसली.

राग मात्र तिला आला. बाबांनी मिशी काढली, भांग फिरवला, कल्ले बदलले, म्हणजे रंग वाळायच्या आधीच चित्र जुनं झालं. त्या सुट्टीला ती नवी फळी काखेत मारून, ट्यूबांची पिशवी खांद्याला अडकवून सरळ दुकानात घुसली. दुकान भरलेलं. दोन्ही खुर्च्यांवर गिऱ्हाइकं, बाकावर गिऱ्हाइकं, दारात एकजण उभा.

"दादा, तू मला फसवलंस. एवढं घाम गाळून काढलं आणि तू तोंडच बदललंस. बस परत."

बाबांनी कुणाच्या तरी कानामागचे केस उडवत मागे वळूनही बघितलं नाही. "गर्दी दिसत नाही? नंबर लाव."

आत्या बाकावरच्या दोघांना ढकलून मधे बसली. फळी गुडघ्यांवर टेकवली, ट्यूब पिळली. टर्पेंटाइनचा वास साबणाच्या वासात मिसळला, शेजारच्याने नाक धरलं.

खुर्ची रिकामी झाली तसं जोडीदाराने विचारलं, "पुढे कोण?"

"या बाई आहेत," शेजारचा म्हणाला.

"त्यांना राहू दे, त्यांचं काम चालू झालंय," बाबा म्हणाले. त्यांनी कापड झटकलं आणि उजेड डाव्या गालावर पडेल असे सरकून उभे राहिले. "तू ये रे पुढे."